एकतीस नंबरच्या विंचवाचे आठ पाय

मिल बंद पडली तेव्हा मी तिसरीत होते. आजोबा खानदेशातून इंदूरला आले ते मिलमध्ये कापडाचा साचा चालवायला. बाबा त्याच खात्यात लागले. एक दिवस साचेच राहणार नाहीत, असा विचार आमच्या घरात कुणी केलाच नव्हता. गेटला कुलूप लागल्यावर कित्येक महिने बाबा रोज सकाळी डबा घेऊन गेटपर्यंत जायचे, तिथे उभ्या असलेल्या दहा-बारा जणांबरोबर बोलायचे आणि दुपारी परत येऊन तोच डबा घरी खायचे.

मग कुणीतरी सांगितलं की मानपुरच्या पुढे गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान आहे, तिथे चौकीदार पाहिजे, राहायला खोली मिळते. आम्ही गेलो. खोली म्हणजे तीन बाजूंनी नुसते रचलेले दगड, चौथ्या बाजूला पत्रा आणि वर पत्रा. बाबा चौकीदारी करायचे, आई गिट्टीच्या तगाऱ्या उचलून ट्रॅक्टर भरायची. मी हायवेच्या कडेकडेने चालत शाळेत जायची. दिवसभर सुरुंगांची धूळ उडायची, भाताच्या दाण्यातसुद्धा कचकच लागायची.

आणि विंचू. सकाळी उठलं की आधी अंथरूण झटकायचं, चपला आपटायच्या, पाण्याचा माठ काठीने हलवायचा. आईला दोनदा चावला. दुसऱ्यांदा भर दुपारी चावला आणि ट्रॅक्टर अर्धा रिकामा होता. तिने मनगटाला चिंधी बांधली, पदर दातात धरला आणि ट्रॅक्टर भरून संपवला. मग खाली बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. पाच वर्षं आम्ही तिथे राहिलो. बाबांना इंदूरला एका बिल्डिंगवर सिक्युरिटीची नोकरी मिळाली, तेव्हा परत आलो.

लहानपणी विंचू पाहिले म्हणून मी या विषयात आले, असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. मला विंचवांचा राग होता आणि भीतीही होती. गणित येत नव्हतं म्हणून बीएस्सीला बायो घेतलं, बायोत मार्क चांगले पडले म्हणून झूलॉजीत एमएस्सी केलं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते. जरा जास्तच सांगते, असं आई म्हणते.

पीएचडीला ज्या मॅडम मिळाल्या त्या विंचवांवर काम करायच्या, बस, एवढाच संबंध. रिटायर व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं होती आणि मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. त्यांचा जन्म इंदूरचा, घरात मराठी, डिपार्टमेंटमध्ये हिंदी, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक बाटली दाखवली.

"हे बघ. आपल्या माळव्यात दगडाखाली राहतो हा. बोटाच्या दोन पेरांएवढा. पुस्तकात याच्या दोन जाती आहेत. एक पिवळट, चिमटे बारीक, शेपटी गुळगुळीत. दुसरी काळपट, चिमटे फुगीर, शेपटीच्या कडांवर बारीक दाणे. दोन्ही कुणीतरी कधीकाळी चार-चार नमुने बघून लिहून ठेवल्यात. नंतर पुन्हा कुणी बघितलंच नाही. तू बघ. अंगावरूनही बघ आणि डीएनएवरूनही."

"आणि मग?"

"मग जे निघेल ते लिही. और क्या."

दोन वर्षं मी दगड उलटले. बेटम्याकडची शेतं, गौतमपुऱ्याच्या पुढचे बरड माळ, आणि मानपुर. बसने जायचं, दिवसभर फिरायचं, बाटली दप्तरात घालून परतायचं. मग टेबलावर मायक्रोस्कोपखाली एकेकाला उलटा करायचा. विंचवाच्या पोटाखाली दोन कंगवे असतात, खरंच कंगव्यासारखे, त्यांचे दात मोजायचे. चिमट्याची लांबी, रुंदी, शेपटीच्या प्रत्येक पेरावरच्या कडा. डोळे चुरचुरायचे. पण हे काम मला आवडायला लागलं. माझा हात स्थिर होता आणि मोजलेलं सहसा चुकायचं नाही. मॅडम दुसऱ्या पोरांना सांगायच्या, "तिचं रजिस्टर बघा, शिका काहीतरी." मी मान खाली घालून ऐकायची आणि आतून फुगायची.

मानपुरचे विंचू दोन्ही जातींत बसेनात. रंग काळा, शेपटीवर दाणे भरपूर, पण चिमटे मधलेच, ना बारीक ना फुगीर. कंगव्याचे दातही थोडे जास्त. मी पुन्हा मोजले. पुन्हा तेच. एक दिवस मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, हा तिसरा वाटतो."

त्यांनी मायक्रोस्कोपमधून खूप वेळ बघितलं. "वाटतोय तर खरा. पण वाटून काय होतं? पाय पाठव."

डीएनएसाठी विंचवाचा एक पाय पुरतो. पाय काढायचा, छोट्या नळीत अल्कोहोलमध्ये घालायचा, नंबर लिहायचा आणि बाहेरगावच्या लॅबला पाठवायचा. कुठल्या विंचवाचा पाय, ते रजिस्टरमध्ये. मी मानपुरच्या दोघांचे पाय पाठवले, नंबर एकतीस आणि नंबर चौतीस. बेटम्याचे आणि गौतमपुऱ्याचेही पाठवले.

निकाल आला तेव्हा मॅडमनी मला चेंबरमध्ये बोलावून दार लावून घेतलं. मानपुरचे दोन्ही पाय बाकी सगळ्यांपासून एकदम लांब पडले होते. थोडंथोडकं अंतर नव्हतं ते. आणि एकमेकांशी मात्र इतके सारखे, की डीएनएच्या एकाही अक्षराचा फरक नाही. बेटमा आणि गौतमपुऱ्याकडून नळ्या कमी होत्या, त्यांतल्याही काही वाया गेल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल अजून काही सांगता येत नव्हतं. पण मानपुर वेगळं.

"क्या बात है," मॅडम म्हणाल्या. "नवीन जात आहे यार ही. तुझी."

नवीन जात लिहायची तर एक नमुना कायमचा साक्षीला ठेवावा लागतो. ते नाव म्हणजे हाच प्राणी, असा. आम्ही एकतीस नंबर निवडला. आम्हाला पूर्ण वाढलेला वाटला, कुठे मोडतोड नाही. पेपरचा कच्चा मसुदा मॅडम लिहायला बसल्या आणि मी घरी जाऊन सांगितलं. सांगायला नको होतं.

बाबांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बिल्डिंगच्या गेटवर सगळ्यांना सांगितलं. रविवारी घरी पोहे-जलेबी आली. शेजारचे शर्माजी विचारायला लागले, "भिया, बिटिया का बिच्छू पेपर में कब आ रहा है?" आणि बाबा असं सांगायचे जणू तारीख ठरलेली आहे. नाव मलाच द्यायचं आहे कळल्यावर बाबा म्हणाले, "आईचं दे. तिलाच तर चावला होता."

आई भाकरी थापत होती, तशीच वळली. "विंचवाला माझं नाव? तुमच्या आईचं द्या की. शोभेल."

"अगं, मान असतो तो."

"असा मान नको मला. उद्या पोरं म्हणतील, बघ, ही चावली."

आम्ही खूप हसलो. त्या रविवारी मला वाटलं, झालं, आता काही राहिलं नाही. पीएचडी होणार, पेपर होणार, आणि खदानीवरच्या मजुराची पोर विंचवाला नाव देणार.

त्यानंतरच्या आठवड्यात मी एकतीस नंबरचे फोटो काढायला बसले. पेपरला वरून एक, खालून एक असे फोटो लागतात. पांढऱ्या बशीत त्याला नीट पसरवायचं, पाय दोन्ही बाजूंना सारखे करायचे. मी डावीकडचे चार सरळ केले. मग उजवीकडचे. एक, दोन, तीन, चार.

हात थांबला. विंचवाला आठच पाय असतात. एक पाय तर मी लॅबला पाठवला होता. एकतीस नंबरला सात पाय असायला हवे होते.

पुन्हा मोजले. आठ. मी रजिस्टर काढलं. माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: पाय, नमुना एकतीस. मी उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. चिठ्ठी तपासली, दोऱ्याने बांधलेली, पेन्सिलीने लिहिलेली, एकतीस. पुन्हा मोजले.

आणि मग मला आठवलं. मी पाय तोडलाच नव्हता.

आमच्या घरी मोडकी पोळी आधी खायची, अख्खी नंतर. फुटका बटाटा आधी चिरायचा. तेलाची नवीन पिशवी जुनी पिळून झाल्याशिवाय फोडायची नाही. हे कुणी शिकवलेलं नाही, ते हातातच आहे. बाटल्या आणि अल्कोहोल डिपार्टमेंटमध्ये मोजूनच मिळायचं, म्हणून एका दिवसाचे सगळे विंचू मी एकाच बाटलीत ठेवायची, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून. अल्कोहोलमध्ये एखादा पाय गळून तळाला बसतो. नळ्या भरताना मी मानपुरच्या बाटलीच्या तळाशी दोन सुटे पाय पाहिले आणि मनात आलं, हे पडलेले आहेतच, तर चांगल्या अख्ख्या विंचवाला कशाला मोडायचं? फोर्सेपने दोन्ही उचलले. एक नळी एकतीस, एक नळी चौतीस. त्यात काही चूक आहे असं वाटलंच नाही. उलट नमुना वाचवला याचं बरं वाटलं होतं.

चौतीस काढला. त्याला सात पाय. क्षणभर जीव हलका झाला. म्हणजे निदान एक तरी पाय त्याचा असेल. पण दोन्ही पायांत एका अक्षराचाही फरक नव्हता, ज्याच्यावर मॅडम खूष झाल्या होत्या. दोन वेगवेगळे प्राणी इतके सारखे असतात का?

त्या बाटलीत आणखी एक विंचू होता. त्या दिवशी एका बिळाच्या तोंडाशी सापडलेला, भलत्याच, मोठ्या प्रकारचा, अजून पिल्लू म्हणून यांच्याएवढाच. या कामाशी त्याचा संबंध नव्हता. "नंतर बघू" असं चिठ्ठीवर लिहून मी त्याला त्याच बाटलीत टाकलं होतं. त्याला मी बशीत काढलं आणि मोजायच्या आधीच मला कळलं होतं.

सहा पाय.

दोन्ही पाय त्या पिल्लाचे. चौतीसचा पाय सापडायच्या आधीच कधीतरी तुटलेला असणार. एकाच प्राण्याचे, म्हणून फरक नाही. भलत्या जातीचे, म्हणून सगळ्यांपासून लांब. आणि त्या जातीचा डीएनए तोवर कुणी काढलेलाच नसेल, म्हणून लॅबमध्येही तो कशाशी जुळला नाही. नवीन जात नव्हतीच. मी बाटलीच्या तळातून काढलेली होती ती.

पुढचे आठ दिवस मी नीट कुठे बसले नाही. घरी बसले की उठायची, उठले की कुठे जायचं ते कळायचं नाही. डिपार्टमेंटमध्ये जाऊन बाटलीसमोर उभी राहायची आणि मॅडमचा आवाज आला की बाथरूमकडे वळायची. राजवाड्यापासून घरापर्यंत चालत आले एक दिवस, बस समोरून गेली तरी चढले नाही. डोक्यात एकच चक्कर. हे कुणालाच माहीत नाही. पिल्लू फेकून द्यायचं, एकतीसचा एक पाय मोडून टाकायचा, संपलं. पुढची पन्नास वर्षं कुणी बघणार नाही. मॅडमनीच सांगितलं होतं ना, नंतर पुन्हा कुणी बघितलंच नाही.

आणि मग दुसरं मन म्हणायचं, कदाचित मानपुरचे खरंच वेगळे असतील. अंगावरून तर दिसतंच आहेत. मग खोटं काय त्यात? हे दुसरं मन फार गोड बोलायचं.

आईला वाटलं माझं काही जुळतंय कुठे. "कोण आहे तो?" तिने सरळ विचारलं.

"कोणी नाही गं. एका विंचवाच्या पायाचा घोळ झालाय."

"तुटला?"

"तुटला नाही, तोच तर घोळ आहे."

"मग नसता घोर कशाला घेतेस? आहे ना पाय, झालं तर." आणि ती कुकर लावायला गेली.

मसुदा सोमवारी पाठवायचा ठरला होता. शनिवारी मॅडमनी तो माझ्यासमोर ठेवला. "नावाची जागा रिकामी ठेवलीय. भर. आणि सही कर."

मी पेन हातात घेतलं. पेन बंद करून टेबलावर ठेवलं. "मॅडम, एकतीसला आठ पाय आहेत."

"असणारच. विंचू आहे, खेकडा नाही."

"आपण एक पाठवलाय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं. सुटे पाय, पिल्लू, आठ दिवस. त्यांनी मसुदा उचलला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, जणू पहिल्यांदा वाचतायत, आणि मग तो कपाटात टाकून कपाट बंद केलं.

"पागल आहेस का तू?" हळू आवाजात म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "चांगला पाय वाचवत होतीस? अरे, घरची भेंडी निवडतेयस काय? तुझ्या रजिस्टरवर मी डोळे मिटून सही करते. डोळे मिटून! आणि आठ दिवस गप्प बसलीस?"

"हिंमत झाली नाही."

"आता कशी झाली?"

"सही करायची वेळ आली म्हणून."

त्या पाणी प्यायल्या. बाहेर कुणीतरी पोरगी हॉलतिकीट विचारत होती, तिला म्हणाल्या, "बाद में." मग माझ्याकडे वळल्या. "वर्ष गेलं तुझं. एक्स्टेन्शन मी मागते, मिळेल की नाही माहीत नाही. नाही मिळालं तर डिग्री विसर. मिळालं तर पहिल्यापासून. एक विंचू, एक बाटली. पाय तोडशील तो माझ्यासमोर. आणि मानपुरहून नवीन आण, जुन्यावर माझा भरोसा नाही."

"हो मॅडम."

"आणि ते पिल्लू फेकू नकोस. त्याची वेगळी चिठ्ठी लिही. बिचाऱ्याने दोन पाय दिलेत."

मुदतवाढ मिळाली, पण एक महिना टांगणीला गेला, रोज ऑफिसच्या खिडकीपाशी जायचं आणि बाबूने मान हलवायची. बाटल्या मी नमकीनच्या दुकानांतून गोळा केल्या. छोट्या, झाकणाच्या, धुऊन उन्हात वाळवलेल्या.

मानपुरला बाबा माझ्याबरोबर आले. सुट्टी घेऊन, गणवेश न घालता, त्यांच्या चांगल्या शर्टात. आमची खदान आता अर्धी पाण्याने भरलीय, काम बंद आहे. आम्ही मागच्या उतारावर गेलो. आजकाल लोक निळा टॉर्च घेऊन अंधारात विंचू शोधतात, त्यात विंचू चमकतो. मला खदानीतलीच पद्धत येते. दगडाची पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली जे असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा. बाबा साठीचे आहेत, पण दगडाला हात घालताना अजून जवान.

"आज भेटणार बघ तुझावाला," ते म्हणाले.

चार-पाच दगड झाले. मला राहवेना. "बाबा, तो नवीन नसेल."

"म्हणजे?"

"माझ्याकडून चूक झाली. भलत्याच विंचवाचा पाय गेला तपासायला. पुन्हा तपासायचंय. बहुतेक नवीन नाहीच."

त्यांनी हातातला दगड होता तसा खाली ठेवला. "मी तर सगळ्यांना सांगून बसलोय."

"माहितीय."

"शर्माजी तर रोज विचारतात. काय सांगू आता?"

"सांगा, चूक झाली."

"कुणाची सांगू? लॅबची?"

"माझी सांगा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या दगडाची कड धरली, आपल्याकडे उचलली, आणि वाकून बघितलं. "ये इकडे. दोन आहेत. एक मोठा, एक बारका. हळू." मग मी फोर्सेपने उचलत असताना ते माझ्या डोक्यावरून म्हणाले, "सांगतो. पण उद्या नाही. सोमवारी सांगतो." संध्याकाळी बसमध्ये ते झोपले आणि माझ्या मांडीवर एकवीस बाटल्या एकमेकींवर वाजत होत्या.

या वेळी प्रत्येक पाय मॅडमसमोर तोडला. त्या खुर्ची घेऊन बसायच्या, मी नंबर मोठ्याने म्हणायची, पाय काढायची, आणि त्या रजिस्टरवर स्वतःची सही करायच्या. बेटम्याचे पन्नासेक, गौतमपुऱ्याचे, मानपुरचे. दर सहीला मला थोडं लागायचं, पण बोलायला जागा नव्हती.

निकालाला तीन महिने लागले. ते तीन महिने मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. डिपार्टमेंटच्या गॅलरीतून इकडून तिकडे चालायची. शिपाई म्हणायचा, "मॅडमजी, फरशी घिस जाएगी."

आला तो निकाल मला कळायलाच दोन दिवस लागले, कारण मी मानपुर शोधत होते. मानपुर वेगळं नव्हतं, ते बेटम्यात मिसळलेलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट होती. बेटमा आणि गौतमपुराही मिसळलेले होते. पिवळे आणि काळपट, गुळगुळीत आणि दाणेदार, सगळे एकमेकांच्या मध्ये बसलेले. पुस्तकातल्या त्या दोन जातींमध्ये वेगळं असं काही निघतच नव्हतं.

मग मी पुन्हा अंगाकडे वळले. लॅबच्या मोठ्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि सगळे विंचू एका ओळीत मांडले, गाव न बघता, फक्त आकाराने, लहानापासून मोठ्यापर्यंत. नर वरच्या ओळीत, माद्या खालच्या. ओळ पूर्ण झाली तेव्हा मला माझाच राग आला. लहान असतात ते पिवळट आणि शेपटी गुळगुळीत. वाढत जातात तसा रंग गडद होतो, कडांवर दाणे येतात. चिमटे फुगतात ते फक्त पूर्ण वाढलेल्या नरांचे. कंगव्याचे दात नरांना थोडे जास्त. ज्याने कुणी पहिल्यांदा लिहिलं त्याच्या हातात एका गावच्या तरुण माद्या आल्या आणि दुसऱ्या गावचे म्हातारे नर, बस. आणि मला मानपुरला सापडले ते अर्धवट वाढलेले नर होते. म्हणून मधले चिमटे. दोन वर्षं मी गावांप्रमाणे मोजत होते. एकदाही सगळ्यांना एकत्र उभं केलं नव्हतं.

मॅडम टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून गेल्या. वरच्या ओळीच्या मध्यावर थांबल्या, जिथे एकतीस नंबर होता.

"म्हणजे मी लिहिलेला मसुदा..."

"हो मॅडम."

"बरं झालं, तो पाठवायचा सोमवार आला नाही," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. मला अजून व्हायवा द्यायची होती.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे नवीन मिळाला नाहीच, वर होता त्यातला एक कमी झाला? चांगलंच की. विंचू जितके कमी तितकं बरं." बाबांनी शर्माजींना काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण त्यानंतर शर्माजी मला दारात बघून फक्त नमस्ते करायचे, विचारायचे नाहीत.

थीसिसमध्ये सुट्या पायांची चूक मी पूर्ण एक पान लिहिली. मॅडम म्हणाल्या, खाली तळटीप पुरे. मी ऐकलं नाही. व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान उघडलं.

"हे लिहायची काय गरज होती?"

"सर, माझ्यासारख्या घरातून आलेलं दुसरं कुणी करेल. चांगला पाय वाचवायला जाईल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"फोटो काढताना. पाय मोजले."

"आणि मोजले नसते तर?"

"तर आज मी इथे दुसरंच काहीतरी सांगत असते, आणि तुम्ही मान डोलवत असता."

मॅडमनी टेबलाखाली माझ्या पायावर चप्पल दाबली. सर म्हणाले, पुढचं पान.

जुन्या पुस्तकांत माळव्याच्या दगडी विंचवाच्या दोन जाती होत्या. आता एकच आहे. जे नाव आधी दिलं गेलं होतं ते राहिलं, दुसरं त्याच्या पोटात गेलं. नवीन नाव मी एकही दिलेलं नाही. पेपर मॅडमच्या आणि माझ्या नावाने छापून आला. पीएचडी झाली. आता मी एका कॉलेजात शिकवते, आणि आमच्या घरातली पहिली डॉक्टर आहे.